खाडीची वहिवाट

आपल्या समाजाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची गाठ प्रथम जमिनीशी पडते. १९३० सालच्या २५ सप्टेंबरचा चिरनेरचा जंगल सत्याग्रह घ्या, १९३३ पासून सहा वर्षे नेटाने चाललेला चरीचा शेतकरी संप घ्या, अथवा १९८४ च्या जानेवारीत १६ व १७ तारखेस जासई परिसरात ज्यात पाच बांधवांस हौतात्म्य आले तो लढा घ्या. या सर्वांच्या मुळाशी शेत, रान अथवा खारीचा बांध आहे. या प्रकरणांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि यापुढेही लिहिले जाईल. परंतु दिवाळे, बेलापूर, करावे, सारसोळे, वाशी, जुहू, कोपरखैरणे, घणसोली, गोठिवली, राबाडे, दिवे ही आपली गावे ज्या पाण्याच्या काठी वसली, त्या पाण्यावरील आपल्या वहिवाटीचा इतिहास मात्र कोणी सलगपणे मांडलेला आमच्या पाहण्यात नाही. याचे कारण उघड आहे. जमिनीला सातबारा असतो, फाळणी असते, खरेदीखत असते. वाद पडला तर तलाठ्याच्या दप्तरात काही ना काही सापडते. खाडीला सातबारा नाही.

मग खाडीवर आपला हक्क होता हे कशावरून सांगावयाचे? हा प्रश्न गेल्या पन्नास वर्षांत आपल्या घरोघरी आला आणि त्याने अनेकांस निरुत्तर केले. आम्हांस असे वाटते की, त्याचे उत्तर एका अगदी साध्या गोष्टीत आहे. बाप आपल्या कर्त्या मुलास बरोबर घेऊन गुडघाभर पाण्यात मासे धरावयास जात असे, ही ती गोष्ट होय. ती इतकी नित्याची होती की तिला इतिहास म्हणावे असे कोणाच्या मनात आले नाही. प्रस्तुत लेखात तिचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम खाडीविषयी थोडेसे सांगणे अवश्य आहे, कारण आपल्या समाजातील आजची तरुण पिढी ती रेल्वेच्या डब्यातून किंवा मोटारीच्या काचेतून पाहते. ठाण्यापासून मुंबई बंदरापर्यंत सुमारे २६ किलोमीटर लांबीचे हे पाणी. उत्तरेस उल्हास नदीशी त्याचा चिंचोळा सांधा आहे, दक्षिणेस ते बंदरात मिळते. पावसाळा सोडला तर गोडे पाणी बेताचेच. बाकी सारा कारभार भरती-ओहोटीचा. उधाणाच्या दिवसांत पाणी चार-साडेचार मीटर चढते आणि तितकेच उतरते. ओहोटीला दोन्ही काठांस दूरवर चिखल उघडा पडतो, त्यातून पाण्याचे वाकडेतिकडे चर तेवढे वाहात राहतात, आणि काठाशी तिवरांची दाटी. खोल समुद्राचा मान आपल्या कोळी बांधवांचा. गलबते, मोठ्या डोली आणि त्यांचे खुंट हे त्यांचे वैभव. आगरी माणूस मुळात आगरावरचा. पावसाळ्यात खारीचा भात, दिवाळीनंतर पुढे मिठागर, आणि या दोहोंच्या फटींतून, किंवा पोट भरेना म्हणजे दोहोंच्या जोडीने, खाडी. त्यामुळे त्याची मासेमारी बहुधा उथळ पाण्याची राहिली. होडी लहान, माणसे दोन, आणि ती दोन माणसे प्रायः बाप-लेक. अर्थात ही विभागणी काटेकोर नव्हे. अनेक गावांत आगरी व कोळी शेजारी शेजारी राहिले, एकाच चरात जाळी टाकीत आले आणि एकमेकांचे शब्द उचलीत आले.

उथळ पाण्याची मासेमारी सोपी, असा समज आहे. वस्तुतः खोल पाण्यात होडी तरंगत राहते एवढी तरी खात्री असते. उथळ पाण्यात अर्ध्या घटकेची चूक झाली तर होडी चिखलावर बसते आणि पुढची भरती येईपर्यंत माणूस तेथेच अडकतो. म्हणून सारी विद्या वेळेची. ही वेळ आपले पूर्वज पंचांगावरून काढीत. अमावास्या-पौर्णिमेस पूर्ण भरती दुपारी व मध्यरात्री बाराच्या सुमारास, आणि पुढे दर तिथीस दोन घटका उशिरा, हा त्यांचा हिशेब. एक घटका म्हणजे २४ मिनिटे, दोन घटका म्हणजे ४८. पंधरा तिथींच्या तीस घटका होतात, म्हणजे बरोबर बारा तास; चक्र पुन्हा जागेवर येते. अष्टमीला भरती साडेसहाच्या आगेमागे यावी आणि ती यावयाची. त्या दिवसांत पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. त्यास भांग म्हणतात. बाजारी हिशेबाला सोपे म्हणून काहीजण तिथीची पाऊणपट करून तास काढीत. दोन्ही रीतींत थोडा फरक पडतो. परंतु ज्यास घड्याळच माहीत नव्हते त्यास फरकाची फिकीर असण्याचे कारण नव्हते. तो पाण्याकडे पाहून उरलेला हिशेब पुरा करी. चंद्राच्या आकर्षणाचे शास्त्र पुस्तकात वाचून शिकलेली आमच्यासारखी मुले या गोष्टीस पुढे हसू लागली, हे येथे नमूद करून ठेवतो.

जाळ्यांत मुख्य पाग. गोल घेराचे, काठाला शिशाच्या गोळ्या ओवलेले, एका माणसाने फेकावयाचे जाळे. दुसरे बोकशी, म्हणजे लहान चरात वाहत्या पाण्याच्या तोंडी लावावयाची पिशवी. तिसरी रीत काठ्यांच्या जाळ्याची: ओहोटीला चिखलात ओळीने काठ्या रोवावयाच्या, जाळ्याची खालची कड चिखलात दाबून ठेवावयाची, आणि पाणी पूर्ण चढले म्हणजे वरची कड उचलून काठ्यांस बांधावयाची. पाणी उतरते, मासे आत राहतात. नायलॉनचा धागा येण्यापूर्वी ही जाळी सुताची असत. ती टिकावीत म्हणून झाडाच्या सालीच्या रसात उकळावी लागत, आणि सुकत टाकली म्हणजे सारी आळी त्या वासाने भरून जाई. मिळावयाचे काय? बोईट, कोलंबी, करंदी, शिंगाळी, चिंबोरी, निवट्या, आणि नशीब फळफळले तर जिताडा. जिताड्याविषयी एक मौजेची गोष्ट आहे. हा मासा आयुष्याचा पहिला काळ नर असतो आणि वाढला म्हणजे मादी होतो, असे प्राणिशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे ज्या मोठ्या जिताड्याची भेट नेऊन आपल्या वाडवडिलांनी मामलेदारापासून सावकारापर्यंत अनेकांची मर्जी राखली, ती बहुधा सगळी माद्यांची जात होती!

आता त्या बाप-लेकाच्या फेरीकडे वळू. दुसऱ्या कोणाची सांगण्यापेक्षा आमचीच सांगणे बरे, कारण तिची आम्ही ग्वाही देऊ शकतो.

साल १९७३. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाल्यापासून ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने कारखाने उभे राहात होते, आणि त्यांपैकी एकात आम्हांस नुकतीच नोकरी लागली होती. त्यापूर्वी तीन वर्षे, १७ मार्च १९७० रोजी, सिडको स्थापन होऊन ठाणे व तेव्हाचा कुलाबा या जिल्ह्यांतील ९५ गावांच्या सुमारे ३४४ चौरस किलोमीटर मुलखावर नवे शहर वसवावयाचे ठरले होते. त्या कल्पनेचा आराखडा चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल या तिघांनी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकात मांडला होता, हे आम्हांस पुष्कळ उशिरा कळले. तेव्हा आम्हांस दिसत होते ते एवढेच की, वाशीच्या पाण्यात पुलाचे खांब उभे आहेत. तो पूल त्याच वर्षी वाहतुकीस खुला झाला.

शिमग्याची सुटी होती. होळीच्या रात्री, गावची होळी पेटून नाच रंगात आलेला असताना, वडिलांनी आम्हांस बाजूस बोलावून सांगितले की, पहाटे पाण्यावर जावयाचे आहे. आम्ही कपाळाला आठी घातली असावी. बारा-पंधरा दिवसांनी मिळालेली सुटी, रात्रीचे जागरण, आणि कारखान्याच्या पगारात बाजारातून मासळी विकत घेता येत असताना चिखलात कशास उतरावयाचे, असा आमचा विचार. परंतु वडिलांपुढे ‘नाही’ म्हणण्याची त्या वेळी आपल्या घरांत रीत नव्हती.

पाणी उतरत असताना निघालो. पौर्णिमा नुकतीच सरलेली, तेव्हा कंदिलाची गरज नव्हती. चांदणे चिखलावर पसरले होते. वडील नाळेवर उभे, बांबू आमच्या हाती. आज वाशीस सागर विहार म्हणून जी फिरावयाची जागा आहे त्या बाजूचे ते उथळ. तेथपर्यंत थेट जाण्याऐवजी वडिलांनी होडी तीन ठिकाणी थांबविली. पहिल्या ठिकाणी त्यांनी पाठीमागे पारसिकच्या डोंगराची एक खोबण दाखविली आणि समोर ट्रॉम्बेच्या पायथ्याशी अणुभट्टीचा घुमट. या दोन खुणा एका रेषेत आल्या म्हणजे आपल्या गावाचे पाणी संपले, पुढच्या काठ्या शेजारच्या गावाच्या. तेथे पाग टाकावयाचा तर विचारून टाकावा. ट्रॉम्बेची ती भट्टी १९६० साली सुरू झालेली. त्यापूर्वी त्या जागी कोणती खूण धरीत, असे आम्ही विचारले. “तुज्या आज्याच्या टायमाला तिथं झार होता,” एवढेच उत्तर मिळाले. दुसऱ्या ठिकाणी शिंपल्यांचा उंचवटा होता. तेथे पाग टाकावयाचा नाही, ती बायकांची जागा. तिसरे ठिकाण एका चराचे वळण. भरती लागली की प्रथम तेथे बोईट चढतात.

हे सर्व ऐकताना आमचे लक्ष नव्हते, हे कबूल करणे भाग आहे. डोळ्यांवर झोप होती आणि मनात असे की, पूल होतो आहे, शहर येते आहे, या खुणा आता कोणास हव्या आहेत?

सूर्य वर येण्याच्या सुमारास सुकती संपली. पाणी घटकाभर थबकले, मग चराच्या तोंडाशी फेसाची एक रेघ उलटी सरकू लागली. वडील पाण्यात उतरले. मांडीपर्यंत चिखल, त्यावर गुडघाभर पाणी. दोरीचा फास डाव्या मनगटात, जाळ्याचा एक पदर खांद्यावर, कडेची एक गोळी दातांत. अंगाला अर्धा वळसा, आणि पाग हवेत ताटासारखा गोल उघडून पाण्यावर बसला. पहिल्याच टाकीला बोईट आले. काही उड्या मारून निसटले. बोईट हा मासा जाळे पाहून उडी मारतो हे आपल्या मुलांनाही ठाऊक असे. मग त्यांनी पाग आमच्या हाती दिला. लहानपणी आम्ही तो टाकीत असू, परंतु शाळा व पुढे कारखाना यांमुळे हात मोडला होता. आमचा पाग दुमडून धोंड्यासारखा पडला. दुसऱ्यांदाही तसेच. तिसऱ्या वेळी वडिलांनी हात धरून थांबविले आणि म्हणाले, “पोरा, आदी पानी बघ, मंग जालं.” बघण्यासारखे काय, हे आम्हांस दिसेना. त्यांनी बोटाने दाखविले तेव्हा समजले: पाण्यावर एके ठिकाणी सुरकुती वाऱ्याच्या उलट दिशेने जात होती. त्या सुरकुतीच्या पुढे हातभर पाग टाकला. तो पुरता गोल पडला नाही, पण उघडला. आणि आत नऊ बोईट व एक शिंगाळी सापडली.

पाणी कमरेपर्यंत येईतो आम्ही दोघे आळीपाळीने टाकीत राहिलो. एकंदर दीड टोपली मासळी, थोडी कोलंबी आणि तीन चिंबोऱ्या. जिताडा नाही. बोटाएवढी पिल्ले वडिलांनी परत सोडली. घरी आल्यावर मासळीचे वाटे पडले, एक वाटा शेजारच्या घरी गेला, आणि दुपारी आम्ही जे झोपलो ते संध्याकाळी कामावरच्या मित्रांनी हाक मारली तेव्हा उठलो. फेरी एवढीच. तिच्यात काही अद्भुत घडले नाही.

तिची किंमत आम्हांस कळली ती पुढे काही वर्षांनी. भरावाची व बांधकामांची कामे वाढत गेली, चर बुजले, आणि बाधितांची नोंद करावयाची म्हणून एका कचेरीत गावकऱ्यांस बोलावण्यात आले. वडिलांबरोबर आम्ही गेलो होतो. जमिनीचे कागद होते तेवढे दाखविले. मासेमारीचे विचारले तेव्हा तेथील गृहस्थाने कागद मागितला. परवाना? नव्हता. पावती? मासळी विकली ती दारोदार व बाजारात, आपल्याच बायकांच्या पाटीतून. तिची पावती कोण देणार? वडिलांनी आमच्याकडे बोट करून सांगितले, “ह्यो माजा पोरगा. माज्याबरोबर येतो. ह्याला इचारा.” त्या गृहस्थाने आम्हांस काहीच विचारले नाही. रकान्यात ‘पुरावा नाही’ असे लिहिले आणि पुढच्या माणसास बोलावले. विचारले असते तर सांगता आले असते काय, हा प्रश्न आम्हांस पुढे अनेक वर्षे टोचत राहिला. डोंगराची खोबण आणि घुमट आठवत होते. वळणाची खूण आम्ही विसरलो होतो.

कायद्याच्या दृष्टीने पाहता वडिलांचे उत्तर वाटते तितके भाबडे नव्हते. समुद्रातील मासेमारीचा प्रश्न आपल्या उच्च न्यायालयापुढे पार १८७६ साली आला होता. ‘बाबन मायाचा विरुद्ध नागू श्रावूचा’ या नावाने तो खटला कायद्याच्या ग्रंथांत प्रसिद्ध आहे. वादी-प्रतिवादी दोघेही मासेमारी करणारे, आणि वाद समुद्रात रोवलेल्या खुंटांचा व जाळ्यांचा. किनाऱ्यालगतच्या समुद्रात मासे धरण्याचा हक्क सर्व जनतेचा आहे, हे तत्त्व त्या निकालाने मान्य केले. दीडशे वर्षांपूर्वी, ज्या काळी आपल्या गावांत सही करणारा माणूस शोधावा लागे, त्या काळी कोणी मच्छीमार खुंटासाठी उच्च न्यायालयापर्यंत गेले, ही गोष्ट आपल्या मुलांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. परंतु हक्क सर्वांचा म्हटला की तो विशेषतः कोणाचा, हे सिद्ध करण्याची जबाबदारी येते. आणि पाण्यावर जेव्हा पूल, बंदर अथवा भराव येतो तेव्हा नुकसान होते ते ‘सर्वांचे’ नव्हे, ठराविक घरांचे होते.

पुलांची यादी द्यावयाची तर १९७३ नंतर १९९२ साली मानखुर्द-वाशी रेल्वे आली, १९९७ साली वाशीचा दुसरा पूल झाला, पुढे ऐरोलीचा झाला. तिकडे न्हावा-शेवा येथे १९८९ साली नवे बंदर सुरू झाले. कारखान्यांचे सांडपाणी खाडीत येऊ लागले, गाळ साचला, चिखलावर तिवरांनी पाय पसरले, आणि जेथे होडी फिरत असे तेथे आज जंगल दिसते. तिवर वाईट नव्हे. कोलंबीची व चिंबोरीची पिल्ले त्याच्याच मुळांत वाढतात. परंतु बुजलेल्या चराची जागा त्याने भरून निघत नाही.

जमिनीसाठी आपण लढलो. लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व पुढे आले, आणि देशातील इतर प्रकल्पग्रस्तांनी त्याचा दाखला घेतला. त्या योजनेचा पाया मात्र संपादित जमीन हा होता. ज्याची जमीन गेली त्यास टक्का मिळाला. ज्याचे पाणी गेले त्यास कशाचे साडेबारा टक्के द्यावयाचे? हा दोष त्या लढ्याचा नव्हे. आम्ही सर्वांनीच, खाडीवर जगलेल्या घरांनीसुद्धा, पाण्यास मालमत्ता मानले नव्हते. विहिरीवरच्या वाऱ्यासारखे ते आपोआप आहे असे आम्हांस वाटत होते.

पाण्याची बाजू न्यायालयात उभी राहिली ती अलीकडे. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाने उरण परिसरातील पारंपरिक मच्छीमारांच्या अर्जावर निकाल देऊन १६३० कुटुंबांस ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये भरपाई ठरविली. दर कुटुंबास ५ लाख ८४ हजार असा तो हिशेब होता. बंदराच्या विस्ताराने व भरावाने त्यांची मासेमारीची जागा गेली, हे न्यायाधिकरणाने मान्य केले. प्रकरण पुढे वरच्या न्यायालयात गेले. तरीही उथळ पाण्याची, चिखलाची आणि चराची किंमत रुपयांत मांडली गेली, हे विसरता येत नाही. त्यानंतर आपल्या दाराशी, वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या कामाविरुद्ध वाशीगावच्या मरिआई मच्छीमार सहकारी संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. ऑगस्ट २०२१ मधील निकालात न्यायालयाने ठाणे खाडीत मासेमारी करण्याचा तेथील मच्छीमारांचा हक्क हा वहिवाटीने आलेला हक्क आहे असे मानले, त्यास उपजीविकेच्या हक्काशी जोडले, आणि बाधितांस भरपाई देण्याचे धोरण आखण्यास शासनास सांगितले. त्या तिसऱ्या पुलाची एक बाजू २०२४ साली वाहतुकीस खुली झाली. त्याच वर्षी जानेवारीत शिवडी-न्हावा शेवा हा सुमारे २२ किलोमीटरचा सागरी सेतूही सुरू झाला.

‘वहिवाट’ हा शब्द वाचकांनी नीट पाहावा. वहिवाट म्हणजे कागद नव्हे. पिढ्यानुपिढ्या, खंड न पडता, हक्क समजून केलेली गोष्ट. बापाने केली, मुलास बरोबर नेऊन दाखविली, मुलाने केली. खंड पडला नाही हे सांगणारा साक्षीदार दुसरा कोण असणार? वडिलांनी त्या दिवशी कचेरीत आमच्याकडे बोट केले, तेव्हा त्यांनी जवळ होता तो एकमेव दस्तऐवज पुढे ठेवला होता.

या वहिवाटीत बाप-लेकांइतकाच वाटा माय-लेकींचा आहे, आणि तो आणखीच दुर्लक्षित राहिला आहे. ओहोटीला कमरेला टोपली बांधून चिखलात उतरणाऱ्या, बिळात हात घालून निवट्या धरणाऱ्या, खुबे व कालवे वेचणाऱ्या आपल्या आया-बहिणींस होडी लागत नसे, जाळे लागत नसे. म्हणून त्यांस ‘मच्छीमार’ म्हणून कोणी मोजलेही नाही. सासरी गेलेली मुलगी माहेरी आली की आईबरोबर चिखलात जावयाची आणि सासरच्या खाडीच्या खुणा आईस सांगावयाची. आमच्या वडिलांनी ज्या उंचवट्यावर पाग टाकू दिला नाही, ती जागा कोणी वाटून दिली होती? कोणीही नाही, तरी ती सर्वांनी पाळली. हक्काची याहून चोख व्याख्या आम्हांस सापडली नाही.

आता खाडीस नवी प्रतिष्ठा लाभली आहे. २०१५ साली तिच्या सुमारे १७ चौरस किलोमीटर भागास फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले, आणि २०२२ साली रामसर यादीत तिचा समावेश होऊन जगातील महत्त्वाच्या पाणथळांत ती गणली गेली. दूरदेशीचे पक्षी पाहण्यासाठी लोक नावेने येतात. आनंद आहे. पक्ष्यांच्या नोंदी वर्षवार ठेवल्या जातात. कोणत्या महिन्यात किती आले ते सांगता येते. मात्र त्याच चिखलात पिढ्यानुपिढ्या उतरलेल्या माणसांची गावनिहाय नोंद आपल्या समाजाकडेही नाही, हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो.

म्हणून समाजाच्या कार्यकारिणीस आमची विनंती आहे की, या स्मरणिकेबरोबर प्रत्येक सभासद कुटुंबास एक कोरे पान पाठवावे. घरातील वडीलधाऱ्यांनी, ते हयात आहेत तोवर, त्यावर लिहून द्यावे: कोणत्या गावाचे पाणी, कोणत्या खुणा, कोणते जाळे, कोणाबरोबर गेलो, कोणास नेले. लिहिता येत नसेल तर नातवंडांनी लिहून घ्यावे व अंगठा घ्यावा. संस्थेची जुनी वर्गणीची पावती, होडीचा फोटो, असेल ते जोडावे. भरपाई मिळेल की नाही हा प्रश्न वेगळा. तो वकिलांनी पाहावा.

आमच्या घराचे पान आम्ही भरून ठेवले आहे. त्यापूर्वी गेल्या शिमग्यात आमच्या मुलास बरोबर घेऊन, शेजाऱ्यांची होडी मागून, त्या उथळापर्यंत जाऊन आलो. मुलगा संगणकाच्या कंपनीत आहे. त्याने फोनवर भरतीची वेळ पाहिली, आम्ही बोटांवर घटका मोजल्या. फरक थोडा पडला आणि तो कोणाच्या बाजूने होता यावर वाद झाला. खोबण दिसली. घुमट उंच इमारतींनी झाकला होता, होडी थोडी पुढे नेल्यावर दिसला. चराच्या वळणाची विसरलेली खूण सापडली नाही, कारण वळणच राहिले नाही. पाग मुलाने टाकला. तो दुमडून पडला. वडिलांचे वाक्य आम्ही त्यास सांगितले आणि सुरकुती दिसते का म्हणून दोघेही बराच वेळ पाण्याकडे पाहात उभे राहिलो. दोन बोईट व एक चिंबोरी मिळाली. पानावर नोंद अशी आहे:

गावाचे पाणी: वाशी व जुहू यांमधील उथळ. खूण: पारसिकची खोबण व ट्रॉम्बेचा घुमट एका रेषेत. जाळे: पाग. आजोबांनी वडिलांस नेले. वडिलांनी आम्हांस नेले, १९७३, फाल्गुन वद्य प्रतिपदा, पहाटेच्या सुकतीस. आम्ही मुलास नेले. बायकांची जागा: शिंपल्यांचा उंचवटा, तेथे पाग टाकीत नाहीत.